चलन आलं की डोळे झाकून भरायचं? आधी फोटो तरी उघडा

मागचंसीट
परवा इथे एकाने लिहिलं होतं, "चलनाचा मेसेज आला की निमूट भरा आणि मोकळे व्हा. नोंदी उकरत बसणारे आणि कोर्टाची भाषा करणारे सगळे पळवाटा शोधणारे लोक." खाली पटापट अंगठे पडले. माझी रात्रभर चिडचिड झाली, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझे वडील बहात्तर वर्षांचे आहेत. लाल स्कूटर, मंडई आणि बँक एवढंच फिरणं. गेल्या वर्षी विनाहेल्मेटचं ५०० रुपयांचं चलन आलं. सरकारी देणं डोक्यावर नको म्हणून त्यांनी शेजारच्या मुलाकडून त्याच दिवशी भरून घेतलं. तीन आठवड्यांनी दुसरं आलं, तेव्हा मी घरी होतो. वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक साइटवर गाडीचा नंबर टाकला, चेसिसचे शेवटचे चार अंक टाकले आणि फोटो उघडला. समोर काळी मोटरसायकल, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन आणि मागच्या नंबरप्लेटवर चिखल. इंग्रजी आठाची डावी बाजू चिखलाने झाकली की तो तीन दिसतो. आमच्या नंबरात तीन आहे. मी आरसी आणि स्कूटरचा फोटो जोडून तक्रार टाकली, दुसरं चलन रद्द झालं. मग पहिल्याचा फोटो उघडला. तीच मोटरसायकल, तेच कॅन. ते ५०० मात्र परत मिळाले नाहीत.

आपल्या नावावर काय गुन्हा लिहिलाय ते वाचणं ही पळवाट कशी काय? दुकानातल्या बिलावरची बेरीज आपण तपासतोच ना? आणि ज्याच्याकडे खरंच पैसे नाहीत त्याने दंड कमी होईल म्हणून लोकअदालतीची वाट पाहिली तरी मला त्यात काही गैर वाटत नाही.

पट्ट्याअलीकडे
शेवटच्या वाक्यात तुमच्या मनातलं बाहेर आलं. लोकअदालत!

तुमच्या वडिलांचं चुकीचं झालं, मान्य. पण अशी किती प्रकरणं असतात? आमच्या सोसायटीत एकाच्या गाडीवर तेवीस चलनं आहेत. गेटवर उभा राहून सांगतो, "भरायची नसतात, अर्ध्यात मिटतात." सिग्नल तोडणं हे त्याच्यासाठी हप्त्यावरचं सामान झालंय. माझ्या मुलीला झेब्रा क्रॉसिंगवर अशाच एकाने उडवलं. लाल दिवा होता, त्याला घाई होती. तिच्या मांडीत सळई आहे, थंडीत दुखते. त्या माणसावरही आधीची चलनं होती, सगळी न भरलेली. तेव्हा "नोंद तपासा, वाट पाहा" हे मला ऐकवू नका.

काळाकोट
तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर भांडताय. मी कोर्टात रोज हेच पाहतो, म्हणून थोडं सांगतो.

पोलिसांच्या साइटवर दंड भरला की ती मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खालची तडजोड होते. प्रकरण व्हर्च्युअल, म्हणजे ऑनलाइन, कोर्टात गेल्यावर भरला की गुन्हा कबूल केल्यासारखं आहे. दोन्हीकडे नंतर "ती गाडी माझी नव्हती" म्हणायला जागा उरत नाही. म्हणून भरण्याआधी बघा हे बरोबरच आहे.

व्हर्च्युअल कोर्टाच्या साइटवर महाराष्ट्राची दोन नावं दिसतात, एक वाहतूक पोलिसांचं आणि एक परिवहन विभागाचं. तुमचं चलन कुणी केलंय त्याप्रमाणे निवडा. लोक एकातच शोधतात आणि काही निघालं नाही की खूश होतात. गाडीच्या नंबरवरून शोधता येतं, प्रकरणाचा सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर असला तर उत्तमच. मोबाइलवर ओटीपी आला की दोन पर्याय येतात, दंड भरायचा किंवा खटला लढवायचा. लढवायचं म्हटलं की प्रकरण तुमच्या हद्दीतल्या नेहमीच्या कोर्टात जातं, तिथे तारखेला हजर राहावं लागतं.

कॅमेऱ्याच्या चलनाचा नियम १६७अ २०२१ मध्ये आला. गुन्हा दिसणारा आणि नंबरप्लेट दिसणारा फोटो, जागा, तारीख, वेळ, कलम हे सगळं चलनात हवं, आणि नोटीस ठरलेल्या मुदतीत निघायला हवी. पण उशीर झाला म्हणून चलन आपोआप रद्द होतं, हा जो मेसेज फिरतोय तो खोटा आहे. तो मुद्दा कोर्टात मांडावा लागतो.

विकूनफसलो
फोटो उघडून काय करू ते सांगा. फोटोतली गाडी माझीच आहे, फक्त ती मी २०१८ ला विकली! आजपर्यंत सतरा चलनं आली. कधी तिघे बसलेले, कधी उलट दिशेने. चालवणाऱ्याचा चेहरा आता मला माझ्या भावासारखा पाठ झालाय.

काळाकोट
नावावर करून दिली होती का?

विकूनफसलो
मालकी बदलाच्या टीटी फॉर्मवर सह्या करून एजंटला दिल्या. तो म्हणाला, साहेब महिन्याभरात होऊन जाईल.

पट्ट्याअलीकडे
म्हणजे नाही दिली.

विकूनफसलो
दिली म्हणतोय ना! फॉर्म २९, फॉर्म ३०, दोन्हीवर सही, आधारची झेरॉक्स, पैसे मोजून घेतले, चावी दिली. आणखी काय करायचं सामान्य माणसाने?

काळाकोट
आरटीओत स्वतः कळवायचं होतं. कलम ५० प्रमाणे एकाच राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत. कायद्याच्या नजरेत नोंदीवर ज्याचं नाव तो मालक. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात अपघाताच्या भरपाईबाबत हे सांगितलंय. गाडी चार हात फिरली होती, तरी नोंदीवरच्या मालकाला धरलं. उद्या त्या तिघांनी कुणाला उडवलं तर भरपाईची नोटीस तुमच्या दारात येईल. सतरा चलनं हा तुमचा लहान प्रश्न आहे.

विकूनफसलो
घाबरवायचं काम चांगलं जमतं तुम्हाला. आठ वर्षं मी झोपलो नव्हतो. दोनदा आरटीओत जाऊन आलो. घेणाऱ्याला घेऊन या म्हणतात. तो फोन उचलत नाही. एजंटच्या दुकानाच्या जागी आता मोबाइल कव्हरवाला बसतो.

छोटाहत्ती
एजंटला शिव्या घालणारे सगळे एजंटकडेच जातात दादा. रांगेत उभं राहायला कुणाला हवं असतं. मी माझा टेम्पो स्वतः जाऊन नावावर केला, दोन दिवसांचं भाडं बुडालं. पण झालं.

विकूनफसलो
तुमचं झालं, माझं नाही झालं. एवढाच फरक आहे. मला अक्कल शिकवू नका.

छोटाहत्ती
शिकवत नाही. झालेलं सांगतोय. तुम्ही विकलेल्या गाडीमुळे कुणाला तरी रस्त्यावर त्रास होतोय, तुम्हाला फक्त मेसेज येतात.

मागचंसीट
अहो, भांडण चलनाचं होतं.

विकूनफसलो
चलनाचंच आहे! तुम्ही म्हणता फोटो बघा. मी म्हणतो फोटोवर गाडी खरी, नंबर खरा, मालक खोटा. यावर साइटवर कोणतं बटण आहे? तुमच्या तक्रारीच्या रकान्यात "गाडी विकली" लिहिलं की उत्तर येतं, नोंदणी तुमच्या नावावर आहे.

काळाकोट
तीन गोष्टी आहेत का तुमच्याकडे? विक्रीची पावती किंवा डिलिव्हरी नोट, बँकेत पैसे आल्याची नोंद, घेणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स. असतील तर आरटीओत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. घेणाऱ्याला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवा आणि ती परत आली तरी पाकीट न फोडता जपून ठेवा. चलनं कोर्टात गेली असतील तर लढवायचं म्हणा. कलम १३३ प्रमाणे गाडी कोण चालवत होतं याची माहिती मालकाने द्यायची असते. ती तुमच्याकडे आहे, ती द्या. सुटकेची खात्री मी देत नाही. पण सतरा चलनं भरलीत तर गाडी तुमचीच असल्याचं तुम्हीच सतरा वेळा कबूल केल्यासारखं होईल.

विकूनफसलो
आधारची झेरॉक्स आहे. बँकेचंही काढता येईल. हे आठ वर्षांत कुणी नीट सांगितलं नव्हतं, हे मात्र खरं.

छोटाहत्ती
आता माझंही ऐका. महिन्याला तीन-चार चलनं पडतात. माल उतरवायला जागा नाही, दुकानासमोर पाच मिनिटं थांबलो की नो पार्किंग. दुकानदार म्हणतो दारात आणून दे, ट्रॅफिकचे मामा म्हणतात हलव. आणि आम्हाला "भरू नका" हा पर्यायच नाही. पासिंगच्या, म्हणजे फिटनेस तपासणीच्या, वेळी थकलेली चलनं समोर येतात आणि सगळी एकदम भरावी लागतात. सोसायटीतले तेवीसवाले आरामात फिरतात, आमची गाडी उभी राहते.

शिवाय फोटो. मागून, झाडाआडून, स्वतःच्या मोबाइलवर काढलेला. ड्रायव्हरला पत्ताच नाही. २०२५ च्या जुलैत आदेश निघाला की पोलिसांनी खासगी मोबाइलवर फोटो काढायचे नाहीत. आदेश निघाला म्हणजे असं होत होतं ना?

हवालदाराचीलेक
माझे वडील वाहतूक शाखेतून निवृत्त झाले. झाडाआडून म्हणता, ते झाडाखाली उभे राहायचे कारण चौकात दुसरी सावली नव्हती. संध्याकाळी बूट काढले की पायाला शिलाईचे ठसे असायचे. गाडी अडवली की लोक गाडी अंगावर घालतात, ओळखीच्या माणसाला फोन लावतात, व्हिडिओ काढतात. फोटोने चलन सुरू झालं तेव्हा बाबा म्हणाले होते, बरं झालं, आता कुणाच्या तोंडाला लागायला नको.

छोटाहत्ती
ताई, तुमच्या वडिलांबद्दल एक शब्द वाकडा बोललो नाही. पण अडवून पावती फाडायचे तेव्हा मी दोन शब्द बोलू तरी शकत होतो. माल दाखवायचो, कधी समजून घ्यायचे. मोबाइलवर आलेल्या मेसेजशी काय बोलू?

हवालदाराचीलेक
त्या दोन शब्दांसोबत काय काय द्यावं घ्यावं लागायचं तेही लिहा ना मग.

छोटाहत्ती
लिहितो. दिलेत. घेणारे होते म्हणून दिलेत. बास?

हवालदाराचीलेक
बास. माझे बाबा घेणारे नव्हते, एवढं लिहून मी थांबते.

पट्ट्याअलीकडे
सगळ्यांची दुःखं ऐकली. तरी माझा प्रश्न तिथेच आहे. लोकअदालतीची वाट पाहणाऱ्यांचं काय?

काळाकोट
लोकअदालतीत सवलत हा कुणाचा हक्क नाही. विधी सेवा प्राधिकरणांच्या १९८७ च्या कायद्यात तडजोड आहे, ती दोन्ही बाजू तयार असल्या तर. कधी सूट जाहीर होते, कधी होत नाही. मिटलं तर त्यावर अपील नाही. सूट मिळेल असं धरून वर्षभर चलनं साठवणाऱ्याचं भरवशाच्या म्हशीला टोणगा असंच व्हायचं. इथे मी तुमच्या बाजूने आहे.

मागचंसीट
ठीक आहे. माझं ते वाक्य मागे घेतो. फोटो बघून गाडी आपली आणि चूक आपली निघाली तर त्याच दिवशी भरावं, अर्ध्या पैशाची वाट पाहू नये. तुमच्या मुलीबद्दल वाचल्यावर मला तसं लिहायला नको होतं.

पण पहिला मुद्दा सोडत नाही. "निमूट भरा" या सवयीवर चोरसुद्धा जगतात. माझ्या मावशीला व्हॉट्सॲपवर "आरटीओ चलन" नावाची एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप घुसवणारी फाइल, आली. तिने घाबरून उघडली आणि खात्यातले पैसे गेले. तिच्या नावावर गाडीच नाही. चलनाच्या नावाखाली फाइल आली की उघडायची नाही, लिंकवरून पैसे भरायचे नाहीत, पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असलेली साइट स्वतः टाइप करून तिथे नंबर टाकायचा. तिने एवढं केलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं की चलन नाहीच.

पट्ट्याअलीकडे
फोटो बघायला माझा विरोध नव्हताच. "वाट पाहा"ला होता. ते मागे घेतलंत, विषय संपला माझ्यापुरता. तेवीसवाल्याला हा धागा पाठवतोय, वाचणार नाही तो भाग वेगळा.

विकूनफसलो
मी सोमवारी आरटीओत जातोय. पोच मिळाली की लिहीन. नाही मिळाली तरी लिहीन.

छोटाहत्ती
साइट उघडलीय. चेसिसचे शेवटचे चार अंक मागतेय. आरसीचं कार्ड घासून गेलंय, अंक दिसत नाहीत.

मागचंसीट
विम्याच्या पॉलिसीवर बघा, पहिल्याच पानावर गाडीच्या तपशिलात चेसिस नंबर पूर्ण छापलेला असतो. इंजिन नंबर शेजारीच असतो, दोन्हींत गल्लत करू नका.

छोटाहत्ती
सापडला. सहा आहेत. चार माझीच, जागा ओळखीच्या आहेत. पाचव्यात गाडी नीट दिसत नाही, अंधारातला आहे. सहाव्याचा फोटो उघडत नाहीये.

काळाकोट
चार भरा. पाचव्याचा फोटो उतरवून घ्या आणि तक्रार टाका. सहावं फोटो दिसेपर्यंत भरू नका. फोटो उघडत नाही हे दाखवणारा स्क्रीनशॉट तारखेसकट आत्ताच काढून ठेवा.