स्मार्ट वजनकाट्यावरील चरबीचा आकडा कितपत खरा मानावा?

प्रश्न :
गेले तीन महिने मी स्मार्ट वजनकाटा वापरत आहे. वजनाबद्दल तक्रार नाही. पण शरीरातील चरबीचे प्रमाण सकाळी २७.४ टक्के आणि त्याच दिवशी संध्याकाळी २४.९ टक्के दिसते. माझे वजन ७० किलो आहे, म्हणजे दिवसभरात पावणेदोन किलो चरबी गेली असे मानावे लागेल, आणि ते शक्य नाही एवढे मलाही कळते. त्यातच गेल्या आठवड्यातील डेक्सा तपासणीत (क्ष-किरणांनी शरीरातील चरबी मोजण्याची तपासणी) ३१ टक्के आले. दोष काट्यात आहे की माझ्या वापरात?

प्रतिसाद १ :
काटा चरबी मोजतच नाही. तो वजन आणि विद्युतरोध एवढेच मोजतो. काट्यावरील धातूच्या पट्ट्यांतून साधारण ५० किलोहर्ट्झचा, अगदी क्षीण प्रवाह एका पायातून वर जाऊन दुसऱ्या पायातून खाली येतो. चरबी वगळता उरलेल्या शरीरात सुमारे ७३ टक्के पाणी असल्याने तेथून वीज सहज वाहते, चरबीतून वाहत नाही. या फरकाला उंची, वय, लिंग व वजन यांची जोड देऊन एक सूत्र टक्केवारी काढते. प्रवाह कंबरेच्या वर फारसा जात नाही, त्यामुळे पोटाची चरबी हा पायांवरून बांधलेला तर्क असतो. दिवसभराच्या उभे राहण्याने पायांत द्रव उतरतो, रोध घटतो आणि सूत्र त्याचा अर्थ ‘चरबी कमी’ असा लावते. तुमचा संध्याकाळचा आकडा त्यातलाच असावा.

प्रतिसाद २ :
वरील मुद्द्याला माझ्या एका उद्योगाची पुस्ती जोडतो. मी अ‍ॅपमध्ये स्वतःचे वय वीस वर्षांनी वाढवून लगेच पुन्हा काट्यावर उभा राहिलो, तर चरबी जवळपास तीन टक्क्यांनी वाढलेली दिसली! उंचीचे महत्त्व तर त्याहून अधिक, कारण या सूत्रांत बहुधा उंचीचा वर्ग घेतलेला असतो. पाण्याचेही तसेच आहे : लिटरभर पाणी पिऊन उभे राहिल्यास वजन एक किलोने वाढते, पायांतील रोध मात्र तेवढ्यात बदलत नाही, आणि त्या वाढीचा बराचसा भाग चरबीच्या खात्यात जमा होतो.

प्रश्नकर्ता :
मग डेक्साचे ३१ टक्के अंतिम समजावे का?

प्रतिसाद ३ :
अंतिम नव्हे, पण अधिक विश्वासार्ह निश्चित. डेक्सामध्ये दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण संपूर्ण शरीरातून जातात, तरीही दोन यंत्रांचे आकडे तंतोतंत जुळतीलच असे नाही. काट्याचा उपयोग कल पाहण्यापुरता करावा. सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्यापूर्वी, कोरड्या अनवाणी पायांनी मोजावे, आठवड्याची सरासरी काढावी आणि टेपने कंबरेचा घेर नोंदवावा. घेर कमी होत असेल आणि काटा हटून बसला असेल, तर मी टेपवर विश्वास ठेवीन. मात्र घरात कोणाला पेसमेकर बसवलेला असेल, तर त्यांनी अशा काट्यावर उभे राहू नये.

प्रश्नकर्ता :
उंचीचा उल्लेख वाचून अ‍ॅप उघडले, तर तेथे १७० ऐवजी १७६ सेंटिमीटर नोंदलेले निघाले. ही चूक अर्थातच माझीच. दुरुस्तीनंतर आज सकाळचा आकडा २९.३ टक्के आला आहे.