पीट रॉकसारखी जाड बेसलाइन कशी काढायची? (आणि नव्वदीतले तुमचे आवडते निर्माते)

तबकडी:
नव्वदच्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या हिप-हॉप निर्मात्यांत (म्हणजे गाण्यांचं संगीत रचणाऱ्यांत) माझ्यासाठी पीट रॉक सगळ्यात वर. १९९२ चा 'मेक्का अँड द सोल ब्रदर' ऐका, बेस जाडजूड आहे, तरी सॅम्पलमधली (जुन्या रेकॉर्डवरून उचललेल्या तुकड्यातली) बाकीची वाद्यं त्यात कुठेही सांडत नाहीत. लॅपटॉपवर तसं करायला लो-पास फिल्टर (फक्त खालचे, जाड सूर जाऊ देणारा) लावला की बेसचा नुसता चिखल होतो. टेम्पो मिनिटाला ९० बीट्स, सॅम्पल साठच्या दशकातल्या जॅझ एलपीवरून. यात एसपी-१२०० या सॅम्पल वाजवणाऱ्या ड्रम मशीनची करामत किती आणि हाताची किती? सोबत तुमचे आवडते बीट आणि निर्माता-रॅपर जोड्याही लिहा, पण का आवडतात त्यासकट.

बारा_बिट:
आधी मशीनचं गणित बघू. एसपी-१२०० आलं १९८७ मध्ये. १२ बिट, सॅम्पलिंग २६.०४ किलोहर्ट्झ, म्हणजे साधारण १३ किलोहर्ट्झच्या वरचं काही त्यात उरतच नाही. एकूण जागा जेमतेम १० सेकंदांची, आणि एका सॅम्पलला जास्तीत जास्त अडीच सेकंद. ९० च्या टेम्पोला चार बीट्सचा एक बार २.६७ सेकंदांचा होतो, म्हणजे अख्खा बारसुद्धा मावत नाही. म्हणून ही मंडळी मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ वर फिरवून सॅम्पल करायची. तोच बार मग १.९८ सेकंदांत बसतो. नंतर मशीनमध्ये पिच खाली उतरवायचा. उतरवताना जी खरखर वर चढते, तीच ती प्रसिद्ध 'धूळ'.

लॅपटॉपवर: सॅम्पल १.३५ पट वेगाने वाजवा, २६ किलोहर्ट्झ आणि १२ बिटला रेंडर करा, मग ५.२ सेमीटोन (एक सेमीटोन म्हणजे पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांतलं अंतर) खाली आणा. टाइम-स्ट्रेच (पिच न बदलता वेग बदलणं) पूर्ण बंद. वेग आणि पिच एकत्रच बदलले पाहिजेत, नाहीतर ड्रमची धार बोथट होते.

पण ही खरखर वरच्या थरासाठी. बेसला तिचा काही उपयोग नाही, फिल्टरमध्ये ती निघूनच जाते. बेससाठी तेच सॅम्पल मशीनच्या दोन पॅडवर (बटणांवर) ठेवायचं. एसपी-१२०० च्या आठ आउटपुटांपैकी १ आणि २ वर फिल्टर आहे, ७ आणि ८ वर अजिबात नाही. त्यामुळे एकच तुकडा १ वरून काढला तर जाड येतो, ८ वरून काढला तर चरचरीत. तुमच्याकडे एका कॉपीवर २४ डीबी उताराचा लो-पास लावा, २०० हर्ट्झपासून सुरुवात करून कानाने वर-खाली करा, रेझोनन्स (फिल्टर जिथे कापतो तिथला उठाव) शून्य. दुसऱ्या कॉपीवर हाय-पास (फक्त वरचे सूर जाऊ देणारा फिल्टर) २५० च्या आसपास.

चिखल होण्याचं कारण मात्र बहुतेक वेळा फिल्टरच्या आधीचं असतं. साठच्या दशकातल्या बऱ्याच स्टिरिओ जॅझ रेकॉर्डवर वाद्यं सरळ डाव्या-उजव्या बाजूला वाटलेली असतात. दोन्ही बाजू एकत्र करून मोनो केलंत की पियानोचा डावा हात बेसच्या मागोमाग घुसतो. आधी दोन्ही बाजू वेगवेगळ्या ऐका, बेस ज्या बाजूला आहे तेवढीच घ्या, मग फिल्टर लावा.

आवडती जोडी: पीट रॉक आणि रॅपर सी. एल. स्मूथ, 'दे रेमिनिस ओव्हर यू'. सॅक्सोफोन टॉम स्कॉटच्या 'टुडे'मधला. गेलेल्या मित्राच्या आठवणीचं गाणं, आणि तरी ड्रम एक कणही हळवा झालेला नाही. मला यापेक्षा वर काही ठेवता येत नाही.

सदतिसावी_गल्ली:
वरचं सगळं बरोबर, पण मशीनला इतकं श्रेय नको. निर्माता डीजे प्रीमियरने एमपीसी-६० आणि अकाई एस-९५० या सॅम्पलर मशीनवर काम केलं, आणि त्याची ओळख सॅम्पलचे तुकडे पाडण्यात आहे. जेरू द डमाजाचं 'कम क्लीन' (१९९३) घ्या. शेली मॅनच्या 'इन्फिनिटी'तले थेंब पडल्यासारखे सूर, खाली ड्रम, जवळजवळ बस एवढंच. नासच्या 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड'मध्ये कोरस कोणी गातच नाही. रकीमच्या 'महोगनी'तली ओळ स्क्रॅच करून तिथे बसवली आहे.

आता स्विंग, म्हणजे दर दुसरी नोट किती उशिरा पडते ते. एमपीसीवर ५०% म्हणजे सरळ, ६६% च्या जवळ ट्रिपलेट. बूम-बॅपसाठी (नव्वदीतल्या न्यूयॉर्कच्या ठोसेबाज बीटसाठी) ५४ ते ५८ मध्ये राहा. ९० च्या टेम्पोला ५८% ठेवलं तर दर दुसरी सोळावी नोट सुमारे २७ मिलिसेकंद उशिरा पडते. एवढ्याशा उशिरानेच मान डोलते. घोटाळा होतो तो इथे: सॅम्पलमधल्या ड्रमरचा स्वतःचा डौल असतोच. त्यावर तुमचं ५८% चढवलं की दोन हाय-हॅट (ड्रमसेटमधल्या झांजा) एकमेकींना ठेचकाळतात. एकतर लूपमधले (पुन्हापुन्हा वाजणाऱ्या सॅम्पलमधले) हॅट फिल्टरने काढा, नाहीतर तुमचे हॅट ग्रिड (काटेकोर टायमिंगच्या रेषा) सोडून त्या ड्रमरच्या मागे ठेवा. निर्माता जे डिलाचे ड्रम तर मुद्दाम ग्रिडपासून किंचित सरकलेले असतात. फारसाइडचं 'रनिन' (१९९५) ऐका.

तबकडी:
दोघांनाही धन्यवाद! बेस डाव्या बाजूलाच निघाला, चिखल गेला. आता नवी अडचण. त्याच बाजूला ड्रमरची किकसुद्धा (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आहे, २०० च्या खालून ती सुटते आणि माझ्या किकच्या किंचित आधी वाजते. ढब-ढब असं दुहेरी ऐकू येतं.

बारा_बिट:
दोन रस्ते आहेत. पहिला: तुकड्याची सुरुवात बरोबर त्या जुन्या किकच्या टोकावर कापा आणि तुमची किक तिथेच ठेवा. मग पोलॅरिटी (ध्वनिलाटेची वर-खाली दिशा) उलटवून बघा. ज्या स्थितीत खालचा भाग भरीव लागतो, ती ठेवा. दुसरा: जुन्या किकचे पहिले ४० ते ६० मिलिसेकंद कापून टाका, पुढे ५ मिलिसेकंदांचा फेड-इन द्या, नाहीतर 'टक्' ऐकू येईल. बेसची कापलेली सुरुवात तुमच्या किकखाली झाकली जाते, कापलेलं कळत नाही. शिवाय दोघांनी एकाच जागी जोर लावायला नको. बेस ५०-६० हर्ट्झला असेल तर ८०-१०० ला ठोसा देणारी किक निवडा.

मूग_आणि_बेस:
इतकी कापाकापी करण्यापेक्षा बेस वाजवूनच का घेत नाही? 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट'च्या क्यू-टिपने १९९१ च्या 'द लो एंड थिअरी'त एका गाण्यासाठी थेट जॅझ बेसवादक रॉन कार्टरलाच बोलावलं. पश्चिमेकडे डॉ. ड्रेने 'द क्रॉनिक'मध्ये (१९९२) बऱ्याच जुन्या धून वादकांकडून पुन्हा वाजवून घेतल्या. बेसवर कॉलिन वुल्फ. माझ्या मते त्या दशकातला सगळ्यात स्वच्छ बेस तोच. यात पैशाचाही हिशोब आहे. सॅम्पल घेतलं की दोन परवानग्या लागतात, एक रेकॉर्डिंगची आणि एक रचनेची. पुन्हा वाजवलं तर पहिली लागत नाही, दुसरी लागतेच. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात परवानगीशिवाय सॅम्पल वापरल्याबद्दल रॅपर बिझ मार्कीविरुद्ध निकाल गेला, तेव्हापासून कंपन्या परवानगीशिवाय काही बाहेर सोडायला कचरू लागल्या.

एकच काळजी घ्या. लूपचा वेग बदलला असेल तर सूरही सरकलेला असतो. ९६ चा लूप ९० वर आणला की पिच १.१२ सेमीटोन उतरतो. म्हणजे एक पूर्ण सेमीटोन, वर आणखी १२ सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग). बेस गिटार ट्यूनरवर बिनचूक लावून वाजवलीत तर हे १२ सेंट लांब सुरांवर लहरत राहतील. आधी लूपमधला एखादा लांब सूर पकडा आणि तार त्याच्याशी जुळवा, ट्यूनरशी नाही.