संत पॅट्रिकच्या सणात खुद्द पॅट्रिक कुठे आहे?

मूळ धागा
१७ मार्च हा आयर्लंडचा संरक्षक संत पॅट्रिक याचा सण म्हणजे हिरवे कपडे, शॅमरॉकचे तीन दलांचे पान आणि बिअर, एवढेच आता उरले आहे. माझ्या मते या सणाचा गाभा पॅट्रिकने स्वतः लॅटिनमध्ये लिहिलेल्या ‘कन्फेसिओ’ या निवेदनात आहे. पाचव्या शतकातील ब्रिटनमधला हा मुलगा. वडील डीकन (चर्चमधील धर्मगुरूखालचा सेवक) आणि आजोबा धर्मगुरू असूनही आपल्याला खरा देव ठाऊक नव्हता, असे तो लिहितो. सोळाव्या वर्षाच्या सुमारास तो पकडला गेला, आयर्लंडमध्ये सहा वर्षे गुलाम म्हणून जनावरे राखत राहिला, आणि हिमात, पावसात दिवसाला शंभरपर्यंत प्रार्थना करू लागला. पुढे तो पळून घरी पोहोचला खरा. पण स्वप्नात आयरिश लोकांची हाक ऐकून, ज्या भूमीने त्याला गुलाम केले तिथेच परत गेला. ही क्षमेची कथा मुलांना सांगायची सोडून आपण त्यांना त्याने आयर्लंडमधून साप हाकलल्याची दंतकथा सांगतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रतिसाद १
असहमत. पॅट्रिकने साप हाकलले नाहीत, कारण हिमयुगानंतर त्या बेटावर साप नव्हतेच, हे मलाही मान्य आहे. शॅमरॉकवरून त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) समजावल्याची गोष्टही त्याच्यानंतर हजाराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. पण सण केवळ संताचा नसतो, तो साजरा करणाऱ्यांचाही असतो. न्यूयॉर्कमध्ये १७६२ साली या दिवशी मिरवणूक निघाली, ती मायदेशापासून दूर असलेल्या आयरिश माणसांची होती, आणि परक्या भूमीत आपले नाव टिकवण्याची त्यांची धडपड मला श्रद्धेइतकीच आदरणीय वाटते.

प्रतिसाद २
दोघांच्याही मांडणीत एक गोष्ट राहून गेली आहे. ‘कन्फेसिओ’ हे आरोपांना उत्तर देणाऱ्या वृद्ध बिशपचे लेखन आहे, त्यामुळे ते वाचताना तो स्वतःची बाजू मांडतो आहे याचे भान हवे.

धागाकर्ता
भान जरूर असावे. पण स्वतःची बाजू मांडणारा माणूस पहिल्याच वाक्यात स्वतःला पापी आणि अडाणी म्हणतो, हेही पाहावे. शिवाय त्याचे एक पत्रही आहे. कोरोटिकस या सरदाराच्या सैनिकांनी नुकत्याच बाप्तिस्मा घेतलेल्यांपैकी काहींना ठार केले आणि काहींना गुलाम म्हणून पळवले, तेव्हा त्यांच्या कपाळावरील अभिषेकाचे तेल अजून दरवळत होते, असे तो लिहितो. गुलामगिरी स्वतः भोगलेल्या माणसाचा हा संताप आहे, आणि ख्रिस्ती म्हणवणाऱ्या सैनिकांना तो बहिष्कृत ठरवतो. प्रतिसाद १ यांच्या स्थलांतरितांना याहून जवळचा संत कोण असू शकेल?

प्रतिसाद १
पत्राचा मुद्दा मान्य, दंतकथेविषयीचा नाही. आयर्लंडमधील क्रोघ पॅट्रिक या डोंगरावर पॅट्रिकने चाळीस दिवस उपवास केला, ही परंपरा ‘कन्फेसिओ’मध्ये नाही, तरीही जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो यात्रेकरू, काही तर अनवाणी, त्या खडकाळ वाटेने वर चढतात.