मळ्यात रात्री ऐकायला शॉर्टवेव्ह रेडिओ पाहिजे, बजेट अडीच हजार

बागवाला_पलूस
नमस्कार मंडळी. आमच्याकडं शेतीची लाईट आठवड्यातनं काही दिवस रात्रीची असते. बारानंतर मोटर चालू करायची, तासा-दीड तासानं बागेचा व्हॉल्व्ह फिरवायचा, बाकी वेळ शेडमध्ये बसून डास मारायचे. मोबाईलला एक काडी रेंज, ती पण विहिरीच्या कठड्यावर उभं राहिलं तर. सांगली आकाशवाणी झोपली की आहे त्या रेडिओवर नुसती खरखर. लहानपणी आजोबांच्या सेटवर लांबलांबची स्टेशनं लागायची, तसलं काहीतरी पाहिजे. हौस आहे, संशोधन करायचं नाही. बजेट अडीच हजार, लई ताणून तीन. काय घेऊ?

मिरजेचे_अप्पा
डोळे झाकून सोनीचा आयसीएफ-एसडब्ल्यू७६००जीआर घ्या. मेहुण्यानं दुबईहून आणून दिलेला, वीस वर्षं झाली, बटणावरचे आकडे पुसलेत पण आवाज तोच. आता कंपनी बनवत नाही, जुना शोधावा लागेल.

बागवाला_पलूस
अप्पा, अडीच हजारात मिळेल का?

मिरजेचे_अप्पा
अडीच हजारात चप्पल मिळते.

व्हीयू२_सातारा
पलूसकर, तुम्ही नशीबवान आहात. शॉर्टवेव्हचा खरा वैरी आपलंच घर असतं. एलईडी बल्ब, मोबाईलचा चार्जर, इन्व्हर्टर. सदर बझारात माझ्या घरी ३१ मीटरच्या पट्ट्यावर मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा आवाज येतो. तोच सेट यवतेश्वरच्या पठारावर नेला की स्टेशनाला स्टेशन चिकटून लागतं. तुमच्या मळ्यात साधा सेटसुद्धा बोलेल. रात्री ४९, ४१ आणि ३१ मीटरमध्ये फिरा, म्हणजे साधारण ५९०० ते ९९०० किलोहर्ट्झ. १९ आणि १६ मीटर हे दिवसाचे पट्टे. मात्र एसएसबी, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचं (हॅम) बोलणं नीट ऐकायची सोय, असलेलाच सेट घ्या. टेकसन पीएल-३३० किंवा एक्सएचडेटा डी-८०८. मला डी-८०८ साडेआठ हजाराला पडला, एक रुपया वाया गेला नाही.

कुपवाडचा_फिटर
साडेआठ हजार! साहेब, त्यांनी अडीच लिहिलंय. आणि एसएसबी कशाला? त्यांना मोटर बघायचीय, का हॅम लोकांच्या गप्पा?

व्हीयू२_सातारा
४० मीटरवर, ७ ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये, देशभरातले हौशी लोक बोलतात. एसएसबी नसेल तर त्यांचं बोलणं बदक ओरडल्यासारखं येतं. नंतर हळहळू नका म्हणून आधीच सांगितलं.

कुपवाडचा_फिटर
रात्री दोनला कोण बोलतंय?

व्हीयू२_सातारा
युरोपवाले. त्यांची तेव्हा संध्याकाळ असते.

सुमन_विश्रामबाग
२०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत चार दिवस लाईट नव्हती, सगळे फोन मेले. चालू होता तो सासऱ्यांचा दोन मोठ्या सेलांचा रेडिओ. म्हणून सांगते, चार्जिंगवाला घेऊ नका. साध्या दुकानात मिळणाऱ्या सेलवर चालणारा घ्या. नाव कुठलंही असो.

कराडचा_मास्तर
ताईंशी सहमत. टेकसन पीएल-३१०ईटी तीन पेन्सिल सेलांवर चालतो. एक बटण दाबलं की पट्ट्यातली लागणारी स्टेशनं स्वतःच गोळा करून ठेवतो, मग नुसती चकती फिरवायची. एसएसबी नाही, पण मला चार वर्षांत अडलं नाही. ४८०० ला घेतला.

दुसरं एक, हे कोणी सांगत नाही. पुतण्यानं अमेरिकेतून एक सेट आणला होता, नाव घेत नाही. तिकडं मिडियमवेव्हवर १०-१० किलोहर्ट्झच्या पायरीनं स्टेशनं असतात, आपल्याकडं ९ च्या. आपलं सांगली १२५१ वर, पुणे ७९२ वर. हा सेट ७९० वर थांबायचा, पुणे घसा बसल्यासारखं यायचं. पायरी बदलायची सोय त्यात नव्हती. डिजिटल घेणार असाल तर ९/१० ची सोय आहे का हे दुकानदाराला विचारा. त्याला माहीत नसेल तर दुसरं दुकान.

मिरजेचे_अप्पा
सोनीत ती सोय आहे.

जुनी_लहर
माझ्यामते मर्फीचा लाकडी सेट दुरुस्त करून घ्यावा. बुधवारी रात्री आठला आख्खी आळी आमच्या ओट्यावर गीतमाला ऐकायला बसायची. रेडिओ सिलोन, २५ मीटर. ती मजा आता नाही. तरी बीबीसी हिंदी ऐका, बातम्या चांगल्या असतात.

व्हीयू२_सातारा
बीबीसी हिंदी शॉर्टवेव्हवर ३१ जानेवारी २०२० ला बंद झालं. इंग्रजी अजून आहे. हिंदीत चीन आणि जपान आहेत. त्यासाठी बारा वाजायची वाट बघू नका, जेवणाच्या सुमाराला डायल फिरवा. मध्यरात्रीनंतर जास्त करून अरबी, आफ्रिकेतल्या भाषा, चिनी. आणि मार्च-ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बऱ्याच स्टेशनांच्या फ्रिक्वेन्सी बदलतात, तेव्हा कालचं स्टेशन आज लागलं नाही तर सेट बिघडला म्हणून खोलू नका. वेळापत्रकात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे.

जुनी_लहर
बंद झालं? काय राहिलंय मग.

कुपवाडचा_फिटर
पलूसकर, आता कामाचं सांगतो. एक्सएचडेटा डी-३२८ बघा. काट्याचा डायल आहे, पण आत डीएसपी चिप, म्हणजे स्टेशन डिजिटल पद्धतीनं पकडणारी. नोकियाच्या जुन्या फोनची बीएल-५सी बॅटरी बसते. मेमरी कार्डावरची गाणी पण वाजतात. मला बाविसशेला मिळाला. आणि बाजारात टॉर्च, सोलर, यूएसबी, भोंगा असं सगळं एकत्र असलेले लाल डबे मिळतात, ते चुकून घेऊ नका. माझ्याकडं आठवड्याला दोन येतात दुरुस्तीला. डायलवर २५ मीटर लिहिलेलं असतं, लागतं ३१.

सुमन_विश्रामबाग
बीएल-५सी म्हणजे परत चार्जिंगच झालं ना? मी वर काय लिहिलंय?

कुपवाडचा_फिटर
ताई, दोन बॅटऱ्या ठेवायच्या. एक खिशात.

सुमन_विश्रामबाग
आणि दोन्ही संपल्यावर?

कराडचा_मास्तर
म्हणून पेन्सिल सेल. पीएल-३१०ईटी.

बागवाला_पलूस
सगळ्यांचे आभार. एक शंका. बागेच्या मांडवाला दोन एकरभर तार ताणलेली आहे. तिला अँटेनाची क्लिप लावली तर सगळं जग लागेल का?

कुपवाडचा_फिटर
लावा की! मी आमच्या मामाच्या बागेत लावलीय, मस्त चालतं.

व्हीयू२_सातारा
मांडवाची तार लोखंडी अँगलला बांधलेली आणि अँगल जमिनीत गाडलेला. म्हणजे ती अर्थिंगच. फिटरभाऊंना जे ऐकू आलं ते तारेमुळं की तारेला न जुमानता, हे बघावं लागेल. आणि समजा चाललीच, तरी एवढी लांब तार लहान सेटला जोडली की दहा स्टेशनं एकमेकांत कालवतात. साधी प्लॅस्टिक कव्हरची वायर घ्या, सहा-सात मीटर. एक टोक शेडच्या पत्र्यापासून लांब शेवग्याला सुतळीनं बांधा, दुसरं टोक सोलून सेटच्या दांडीला चिमट्यानं अडकवा. पत्र्याला टेकू देऊ नका. वळिवाचे ढग दिसले की वायर काढून बाहेर फेका, लाजू नका.

मिडियमवेव्हला ही दांडी वर करून उपयोग नाही, त्याचा अँटेना आत फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेला असतो. सांगली ऐकताना सेटच आडवा फिरवा.

कुपवाडचा_फिटर
मामाच्या बागेतले अँगल सिमेंटचे आहेत.

कराडचा_मास्तर
सिमेंटचा अँगल कसा असेल? खांब म्हणा.

कुपवाडचा_फिटर
मास्तर, शाळा सुटली.

बागवाला_पलूस
मंडळी, घेतला. फिटरभाऊ, शिव्या घालू नका. बाजारातनं लाल डबाच आणला, टॉर्चवाला, साडेसातशे रुपये. सांगतो का ते. रात्री व्हॉल्व्ह फिरवायला जाताना एका हातात टॉर्च लागतेच, परवा वाफ्यात पायाजवळनं जनावर सरपटत गेलं. दुसरा हात व्हॉल्व्हला. मग तिसरी वस्तू कुठं धरू? याला वर पकड आहे, टॉर्च पुढं, रेडिओ खाली बोलत येतो. सुमनताई, तीन मोठे सेल बसतात, तुमचं ऐकलं.

डायल खोटं बोलतो हे खरं आहे. ४१ वर काटा ठेवला की ४९ लागतंय असा माझा संशय आहे. पण काल वायर शेवग्याला बांधली, साडेनऊला जेवून आलो, आणि एक बाई हिंदीत चीनचा चहा कसा करतात ते सांगत होती. एवढं स्वच्छ की मी मागं वळून बघितलं. बाराला अरबी गाणं लागलं, व्हॉल्व्ह फिरवायचा राहिला, एक पट्टा जादा भिजला.

आता अडचण अशी. साधारण १० मेगाहर्ट्झच्या आसपास टिक-टिक-टिक असा आवाज येतोय, सेकंदाला एक. हे काय?

व्हीयू२_सातारा
अभिनंदन! ते चीनचं बीपीएम असणार. १०,००० किलोहर्ट्झवर अचूक वेळेची टिकटिक पाठवतात, ५ आणि १५ मेगाहर्ट्झवर पण असते. डायल कुठे आहे ते ओळखायला यापेक्षा चांगली खूण नाही, तिथं पेनानं बारीक रेघ मारून ठेवा.

कुपवाडचा_फिटर
थांबा, रेघ मारू नका. शेजारी कुणी रानडुकरांसाठी झटका मशीन लावलंय का? तारेत सेकंदाला एक झटका सोडतं ते. डायल सरकवून बघा. चीन असेल तर एकाच जागी ऐकू येईल, झटका असेल तर सगळीकडं.

बागवाला_पलूस
सरकवला. ४९ ला टिकटिक. ३१ ला टिकटिक. मिडियमवेव्हवर सांगलीच्या जागेवर पण टिकटिक.

कुपवाडचा_फिटर
झालं. डुक्कर.

बागवाला_पलूस
शेजाऱ्याला फोन केला. म्हणाला माझं मशीन गणपतीपासून बंद आहे, तुमच्याच बापूंनी परवा उसाच्या बांधावर नवीन बसवलंय. बापूंना बंद करा म्हटलं तर म्हणतात, रेडिओ महत्त्वाचा का ऊस? रेघ मारलीय ती आता थुंकी लावून पुसतोय.

मिरजेचे_अप्पा
सोनीत असलं काही होत नाही.

व्हीयू२_सातारा
अप्पा, सोनीतही होतं. पलूसकर, वायर त्या बांधापासून उलट्या दिशेला नेऊन बघा, फरक पडेल.

नवा_सभासद_इस्लामपूर
छान धागा. मी पण सुचवतो, पण आधी सांगा, तुमचं बजेट किती आहे?