अश्वगंधेने झोप लागते का? आईसाठी विचारतेय

प्राजक्ता_सातारा:
आई ६८ वर्षांची आहे. रात्री अकराला पाठ टेकते, पण दीड-दोनपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. मग दुपारी जेवण झालं की आडवी होते. शेजारच्या काकूंनी अश्वगंधेच्या कॅप्सूल आणून दिल्यात, "आयुर्वेदिक आहे, काही होत नाही" म्हणून. आईची थायरॉइडची गोळी चालू आहे. यावर खरंच कुणी अभ्यास केलाय का? द्यावी का?

माधव_कुडाळ:
मी रात्री दुधातून चूर्ण घेतो. गाढ झोप लागते. बिनधास्त द्या.

मेडिकलवाली_वैशाली:
प्राजक्ता, थायरॉइडची गोळी चालू आहे ना, मग कॅप्सूल आधी बाजूला ठेव. २०१८ मध्ये टीएसएच (थायरॉइडचं काम कमी पडलं की वाढणारं हार्मोन) थोडा वाढलेल्या ५० जणांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली. रोज ६०० मिग्रॅ अश्वगंधा घेणाऱ्यांचे टी३, टी४ (थायरॉइडची स्वतःची हार्मोन्स) वाढले, टीएसएच उतरला. आधीच गोळी घेणाऱ्या बाईला वरून हे दिलं तर छातीत धडधड, हाताला कंप आणि उरलीसुरली झोपही जायची.

दुकानात हाच प्रश्न सारखा येतो, म्हणून मी हे सगळं वाचून काढलं. अभ्यास झालाय. २०२१ मध्ये पाच चाचण्यांतल्या ४०० जणांचा एकत्र हिशेब मांडला गेला: फायदा आहे, पण लहानसा. २०१९ च्या एका चाचणीत निद्रानाशाच्या रुग्णांना दहा आठवड्यांनंतर झोप लागायला सरासरी २९ मिनिटं लागली, आणि औषध नसलेली, दिसायला तशीच कॅप्सूल घेणाऱ्यांना ३४. पाच मिनिटं! दीडपर्यंत जागणाऱ्या बाईला त्याने काय होणार?

माधवराव, तुम्हाला झोप लागते हे चांगलंच आहे. पण त्या चाचणीत बिनऔषधाच्या कॅप्सूलवरही लोकांची झोप सुधारली होती. आणि "बिनधास्त" नको हो. अश्वगंधेने कावीळ झालेले रुग्ण आइसलंड, अमेरिका आणि भारतातही नोंदले गेलेत.

प्राजक्ता_सातारा:
बापरे, काविळीचं माहीत नव्हतं. मग करू काय, ताई?

मेडिकलवाली_वैशाली:
दुपारची झोप आधी बंद. अकराला अंथरुणात जाऊन तळमळत पडण्यापेक्षा पेंग यायला लागल्यावरच जाऊ दे, मग साडेबारा का होईना. उठायची वेळ मात्र रोज एकच. निद्रानाशाला सगळ्यात भक्कम पुरावा या सवयींच्या उपचाराचा आहे. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही गोळ्यांच्या आधी हाच सांगितलाय. आणि टीएसएच शेवटचा कधी तपासला? थायरॉइडचा डोस जास्त होत असेल तर तेवढ्यानेही झोप उडते. रिपोर्ट डॉक्टरांना दाखव, गोळी स्वतःहून कमी करू नकोस.