सासूबाईंच्या मसाल्याचं नाव आता कुणाचं? (इंदूर)

सुदामानगरची सून:
नमस्कार मंडळी. आमच्या सासूबाई, आम्ही त्यांना आईच म्हणतो, १९९४ पासून गोडा मसाला, मेतकूट आणि भाजणी करून विकतात. सुरुवात लोकमान्य नगरातल्या दोन खोल्यांत झाली, आता सुदामानगरला घरामागच्या शेडमध्ये काम चालतं. २२ वर्षं मी त्यांच्या हाताखाली आहे. आईंचं वय ८१, नजर अधू झालीय, पण दगडफूल पुरेसं भाजलं की नाही ते अजून वासावरून सांगतात.

दिवाळीनंतर कळलं, वर्षानुवर्षं आमचाच माल ठेवणाऱ्या एका दुकानदाराने आमच्याच नावाची पाकिटं काढलीत. तीच हिरवी किनार, तसंच तुळशीवृंदावन. विचारायला गेले तर म्हणाला, "भाभीजी, नाम का फॉर्म तो मैंने भर दिया." त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. आम्ही नाव कधी रजिस्टर केलं नाही. जीएसटी, फूड लायसन्स, बँकेचं खातं, सगळं आईंच्या एकटीच्या नावावर. आता काय करायचं? आणि व्यवसाय माझ्याकडे यावा अशी आईंची इच्छा आहे. त्यांना दोन मुलगे, एक मुलगी. भांडण कुणाचंच नाही. तरी कागद करावा लागेल का?

जुना रामबागकर:
ताई, ट्रेडमार्कचा, म्हणजे नाव आणि चिन्ह नोंदवण्याचा, फॉर्म भरला म्हणजे नाव त्याचं झालं असं नाही. आधी तपासणी होते, मग सरकारी ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येतं आणि छापल्यापासून चार महिन्यांत कुणालाही हरकत घेता येते. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या साइटवर फुकट शोधता येतं, त्याचा अर्ज कुठे पोचलाय ते आजच बघा. तुमचाही अर्ज लगेच टाका. अर्जात मालाचा वर्ग लिहावा लागतो; मसाले आणि पिठं वर्ग ३० मध्ये येतात, ऑनलाइन फी एका व्यक्तीला ४,५०० रुपये. मध्य प्रदेशचं काम मुंबईच्या रजिस्ट्रीकडे आहे, पण त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही.

काळा कोट:
इंदूर खंडपीठात वकिली करतो, म्हणून थोडं जास्त लिहितो. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम ३४ प्रमाणे जो आधीपासून नाव वापरतोय त्याला नंतर रजिस्टर करणारा अडवू शकत नाही. तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडै हलव्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली हेच उचलून धरलं: नोंदणीपेक्षा आधीच्या वापराचा हक्क मोठा. पण आधीचा वापर तोंडी सांगून चालत नाही. अर्जात "१९९४ पासून" लिहिलंत की शपथपत्र आणि पुरावे जोडावे लागतात. जुनी बिलं, पाकिटाच्या छपाईची पावती, वर्तमानपत्रातली जाहिरात, काहीही चालेल. अर्ज आईंच्याच नावाने करा, कारण आजपर्यंत वापर त्यांचा आहे. तुमच्या नावावर करायचं तर नंतर लेखी हस्तांतर करता येतं.

नारायणबाग:
"भांडण कुणाचंच नाही" हे वाचलं आणि राहवलं नाही. आमच्याकडेही नव्हतं.

माझ्या सासूबाईंचा पापडांचा उद्योग होता. लाट्या मी करायची, हिशेब मी ठेवायची. त्या अचानक गेल्या, मृत्युपत्र नव्हतं. तेव्हा कळलं की हिंदू बाईच्या मागे वारस म्हणजे तिचा नवरा, मुलगे आणि मुली. सून वारस नसते. १७ वर्षं पहाटे चारला उठून पीठ भिजवलं, आणि कायद्याच्या लेखी माझा त्यात एक पापडही नव्हता. यजमानांचा एक तृतीयांश हिस्सा निघाला. दिरांनी आणि नणंदेने नावाचा मोबदला मागितला. चुकीचं काही मागितलं नाही त्यांनी, पण तेव्हापासून घरातला रक्षाबंधनाचा दिवस पूर्वीसारखा राहिला नाही. जीएसटी नंबर बंद करून नवा घ्यावा लागला. फूड लायसन्स वारसांसाठी ९० दिवस चालतं, तेवढ्यात सगळी पळापळ.

ताई, आई बोलत्या आहेत तोवर मृत्युपत्र करून घ्या. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही. दोन साक्षीदार हवेत, आईंनी त्यांच्यासमोर सही करावी. तुम्ही किंवा तुमचे यजमान साक्षीदार होऊ नका. आईंचे नेहमीचे डॉक्टर तयार असतील तर उत्तम. आणि "व्यवसाय सुनेला" एवढंच लिहू नका. नाव, त्याचा ट्रेडमार्क, पाकिटाचं चित्र, गिरणी, मसाल्याचं प्रमाण लिहिलेली वही, एकेक गोष्ट लिहा.

काळा कोट:
नारायणबाग ताईंचं बरोबर. मृत्युपत्राची उपपंजीयकाकडे (दुय्यम निबंधकाकडे) नोंदणी सक्तीची नाही, पण ८१ व्या वर्षी करून घ्याच. नजर अधू आहे म्हणताय, म्हणून मजकूर आईंना वाचून दाखवला आणि समजला, हे कागदात लिहा. कुणी पार्टनरशिप सुचवेल; दोघींचीच असेल तर एकीच्या मृत्यूबरोबर ती संपते, हे लक्षात असू द्या.

सुदामानगरची सून:
सगळ्यांचे आभार. काल आईंची लोखंडी पेटी उघडली. सियागंज बाजारातली नागकेशर, शहाजिऱ्याची बिलं निघाली, पण ती नुसत्या खरेदीची, नावाच्या वापराचा पुरावा नव्हे. तळाशी छापखान्याची पावती होती: ५०० पाकिटं, हिरवी शाई, तुळशीवृंदावनाचा ब्लॉक (छपाईचा ठसा), आमचं नाव, तारीख १२ ऑक्टोबर १९९४. एक कोपरा हळदीने पिवळा झालाय. आईंनी हातात घेतली आणि म्हणाल्या, "ब्लॉकचे पैसे बांगडी मोडून दिले होते." हे आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं.

अर्जाचे पैसे आज भरले. शनिवारी नणंद पुण्याहून येतेय, दिरांनाही बोलावलंय. आई म्हणतात, सगळ्यांच्या समोर आधी मी बोलेन, मग सही करेन.