चिऱ्याच्या घराला बाहेरच्या दाराची चौकट स्वतः करणे

प्रश्न (जोत्यावरचा):
नमस्कार. कणकवलीजवळ आमच्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घराचे जोते पूर्ण झाले आहे. जुने घर उतरवताना निघालेल्या सागाच्या तुळया माझ्याकडे असून, त्यांतूनच मुख्य दाराची चौकट स्वतः करावी असा विचार आहे. दार पश्चिमेला असल्यामुळे पावसाची झड थेट त्यावर येणार आहे. मोकळे माप साडेतीन बाय सात फूट आहे. लाकडाचा छेद किती ठेवावा, लाकडी उंबरठा घालावा का, आणि चौकट भिंतीबरोबर उभी करावी की जागा सोडून मागाहून बसवावी?

उत्तर (रंधा):
जुना साग असल्यास वाळण्याची काळजी उरत नाही. मात्र रंधा लावण्यापूर्वी प्रत्येक तुळई चुंबक फिरवून तपासावी, कारण आत मोडलेला एखादा खिळा पात्याची धार घालवतो. बाहेरच्या दाराला तयार माप पाच बाय तीन इंच असावे. पताम, म्हणजे दाराची फळी बसण्यासाठी चौकटीच्या कडेला काढलेली खाच, अर्धा इंच खोल आणि फळीच्या जाडीइतका रुंद काढावा. माथ्याच्या लाकडाची टोके दोन्ही बाजूंना तीन-चार इंच पुढे ठेवावीत, ती भिंतीत गाडली जातात. सांधा कुशीचाच करावा, म्हणजे एका लाकडाची कूस (टोकाला कोरलेली जीभ) दुसऱ्याच्या भोकात बसवावी. कुशीतले खुंटीचे भोक खांद्याच्या (कूस जिथून सुरू होते त्या कडेच्या) बाजूला अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, सरकवून पाडल्यास खुंटी ठोकताच सांधा आपोआप ओढला जातो आणि पुढे डिंकावर विसंबावे लागत नाही.

उत्तर (पागोळी):
आपल्या प्रश्नातील खरा धोका सांध्यात नाही, तर तळाच्या चार इंचांत आहे. चिरा पाणी शोषतो आणि ते पावसाळाभर धरून ठेवतो. त्याला टेकलेले लाकूड, विशेषतः उभ्या लाकडाचे तळाकडील तोंड, ते पाणी वर ओढून घेते आणि तिथूनच कूज व वाळवी यांची सुरुवात होते. म्हणून पश्चिमेच्या दाराला लाकडी उंबरठा घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काळ्या दगडाचा किंवा ग्रॅनाइटचा उंबरठा बाहेरच्या बाजूला उतार देऊन बसवावा, पडवीची फरशी आतल्या फरशीपेक्षा खाली ठेवावी आणि उभी लाकडे दगडात बसवलेल्या सळीच्या तुकड्यांवर उभी करावीत. भिंतीकडील बाजूला आणि तळाच्या तोंडाला डांबराचे दोन हात द्यावेत. दर्शनी बाजूला मात्र ते लावू नये, कारण नंतर त्यावर रंग धरत नाही.

जोत्यावरचा:
आभारी आहे. घरातील वडीलधाऱ्यांचा आग्रह आहे की चौकटीची पूजा मुहूर्तावरच व्हावी आणि तो मुहूर्त पावसाच्या तोंडावर येतो. दगडी उंबरठ्याला त्यांची हरकत नाही.

उत्तर (ओळंबा):
मग चौकट मुहूर्तावर उभी करून भिंत तिच्याभोवती चढवावी; चिऱ्याच्या कामात तेच सोयीचे असते. उभी करण्यापूर्वी खाली आणि मध्यावर आडव्या पट्ट्या ठोकाव्यात, नाहीतर गवंड्याच्या दाबाने लाकडे आत येतात आणि दार लावताना ते कळते. दोन्ही कर्ण सारखे भरले पाहिजेत. ओळंबा दर्शनी बाजूवर आणि पतामाच्या बाजूवर, असा दोन्हीकडे पाहावा. गवंडी बहुधा एकच बाजू पाहतात. प्रत्येक उभ्या लाकडाला तीन होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) मागच्या बाजूला स्क्रूने पक्के करावेत आणि त्यांची टोके भिंतीत सोडलेल्या खोबणीत १:२:४ च्या (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटमध्ये गाडून सात दिवस पाणी मारावे. चिऱ्यात नुसते अँकर बोल्ट ठोकू नयेत, दगड मऊ असल्याने ते सैल होतात. लिंटेलचा (दारावरच्या आडव्या तुळईचा) भार चौकटीवर येता कामा नये, म्हणून वर अर्ध्या इंचाची फट ठेवावी.

पाऊस सुरू होण्याआधी चौकटीच्या उघड्या बाजूंना प्रायमरचा एक हात द्यावा आणि वरून ताडपत्री बांधावी. फळ्या मात्र पावसाळा संपेपर्यंत बसवू नयेत. ओल्या हवेत फुगलेल्या फळीच्या मापाने रंधा मारला, तर उन्हाळ्यात दाराला बोटभर फट पडते.